पाय उचलला की साहेब गप्प

इकडेतिकडे काय बघताय? खाली बघा, खाली. मी पायडल बोलतोय. सायकलचं नव्हे आणि शिवणयंत्राचं तर मुळीच नव्हे. त्या भावंडांचा जन्म फिरण्यात गेला, माझा ऐकण्यात.

एक काळ होता, ऑफिसातले साहेब लोक आपली पत्रं हातातल्या छोट्या टेपमध्ये बोलून ठेवायचे. मग ती कॅसेट टायपिस्टच्या टेबलावरच्या मशीनमध्ये जायची, टायपिस्ट कानाला हेडफोन लावायची आणि ऐकत ऐकत पत्र टाइप करायची. तिचे दोन्ही हात टाइपरायटरवर अडकलेले, मग टेप चालवायची कुणी? अहो, मी! उजवी पट्टी दाबली की टेप चालू, पाय उचलला की बंद, डावी पट्टी दाबली की टेप मागे. माझं सगळं शिक्षण एवढंच. पण मशीनची आणि माझी वायर एक, त्यामुळे टायपिस्टच्या कानात जे जायचं ते मलाही कळायचं. टेबलाखाली पडून मी जेवढं ऐकलंय ना, तेवढं केबिनमध्ये बसून कुणी ऐकलं नसेल.

माझा जन्म कारखान्यातला. जड लोखंडी तळ, वर रबराच्या दोन पट्ट्या, मागे शेपटीसारखी वायर. तिथल्या तपासनीसानं मला अंगठ्यानं दोनदा दाबलं, "हं, चालतंय" म्हणाला आणि खोक्यात टाकलं. खोकं उघडलं ते एका पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडकीशी दोन टेबलं, फायलींची कपाटं, आणि पलीकडे थोरल्या साहेबांची काचेच्या दाराची केबिन.

मला पाहिल्या पाहिल्या बाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? "हे काय? माझ्या टेबलावर सवत आणलीत?"

बाई म्हणजे थोरल्या साहेबांच्या स्टेनो. साहेबांनी बोलावं आणि बाईंनी समोर बसून, वहीत शॉर्टहॅन्डच्या रेघोट्या ओढत झरझर उतरवून घ्यावं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. सगळ्या ऑफिसात त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. पलीकडच्या टेबलावर एक नवी टायपिस्ट होती. दिवसभर चिवचिवाट, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. आणि थोरल्या साहेबांचा पुतण्या, धाकटे साहेब, हे जिना चढताना एक पायरी गाळून चढणारं प्रकरण.

मशीन टेबलावर मांडायला धाकटे साहेबच आले होते. "बाई, आता काकांसमोर वही घेऊन बसायला नको. ते टेपमध्ये बोलतील, तुम्ही सावकाश टाइप करा. वेळ वाचेल."

"कुणाचा?" बाईंनी विचारलं. धाकटे साहेब एक पायरी गाळत जिना उतरून गेले.

झालं! बाईंच्या मनानं घेतलं की हे सगळं धाकट्या साहेबांचं कारस्थान. आधी डबा आणायचा, मग डबा चालवायला स्वस्तातली पोरगी ठेवायची आणि म्हातारीला नारळ द्यायचा. चिमणीनं समजूत घालायला तोंड उघडलं तर बाई म्हणाल्या, "तू गप्प बस. तुझीच सोय चाललीय."

गंमत म्हणजे थोरल्या साहेबांनाही टेप आवडत नव्हती. हातात पाल धरावी तसा तो छोटा टेप धरायचे. पहिल्या कॅसेटवर तर आधी नुसता घसा खाकरल्याचा आवाज, मग "हॅलो, हॅलो," आणि मग चक्क, "बाई, आहात ना?" पट्टीवर पाय चिमणीचा, हेडफोन बाईंच्या कानाला. सवयीनं त्या म्हणाल्या, "आहे, साहेब." चिमणी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

शिकवणी चिमणीकडेच आली, कारण ती टायपिंगच्या क्लासात हे सगळं शिकून आली होती. बाईंचा पाय माझ्यावर पहिल्यांदा पडला तो चपलेसकट, आणि असा पडला की जणू झुरळ मारायचंय. टेप सुरू झाली, साहेब बोलू लागले, आणि बाईंनी काय करावं? ओढली वही, काढली पेन्सिल, आणि लागल्या शॉर्टहॅन्ड घ्यायला! अख्खी कॅसेट त्यांनी वहीत उतरवली, मग हेडफोन काढून ठेवला आणि वहीत बघून टाइप करायला बसल्या.

"बाई, अहो बाई!" चिमणी कपाळाला हात लावून म्हणाली. "एका घराच्या दोन दारांतून आत जाताय तुम्ही. वही ठेवा ना बाजूला. कानातून सरळ बोटात."

"मला नाही जमत. साहेब बोलायला लागले की माझा हात आपोआप वहीकडे जातो."

"मग साहेबांना थांबवा."

"साहेबांना? मी थांबवू?"

"पाय उचला." बाईंनी पाय उचलला. साहेब मध्येच गप्प. "आता दाबा." साहेब बोलायला लागले. "आता डावीकडे. बघा, आले की नाही मागे निमूटपणे? ह्या ऑफिसात साहेबांना गप्प करायची आणि पुन्हा तेच वदवून घ्यायची ताकद एकट्या तुमच्या पायात आहे. असलं काही लोकांच्या घरी नवऱ्यांना बसवता आलं असतं ना, तर जगात भांडणं राहिली नसती."

बाईंना हसू आलं. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय माझ्यावर ठेवला. तेव्हा कुठे आमची खरी ओळख झाली.

शिकायला सोपं नव्हतं हो. डोक्यात मावेल एवढंच वाक्य घ्यायचं, पाय उचलायचा, बोटांनी ते कागदावर उतरवायचं, आणि बोटं शेवटच्या शब्दावर असतानाच पाय पुन्हा दाबायचा. जास्त घेतलं की शेपूट विसरतं. कमी घेतलं की पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा नाचत राहतो. बाईंनी सुरुवातीला दोन्ही प्रकार केले. वर साहेबांचं बोलणं म्हणजे, "आपला माल मिळाला, नाही, थांबा, आपला माल उशिरा मिळाला, चहा तिकडे ठेव रे, आणि त्याबद्दल आम्ही नाराज, नको, नाराज नको, जरा सौम्य काहीतरी घाला, बाई." समोर बसून हे सगळं बाई सहज गाळून घ्यायच्या. टेपवर आधी पुढपर्यंत ऐकून मगच बोटं हलवायची, हे त्यांना अंगवळणी पडायला वेळ लागला. चांगल्या लेटरहेडचा एक गठ्ठा त्यात वाया गेला आणि बाईंचा आत्मविश्वासही बराच गेला.

एक गोष्ट मात्र मला दुसऱ्याच दिवशी कळली. चिमणी ऐकून जायची तेव्हा मशीनच्या आवाजाचं चाक अगदी कमीवर असायचं. ती पाठमोरी झाली की बाई ते चाक फिरवायच्या. हळूच, कुणी बघत नाही ना पाहून. आधी अर्ध्यावर, मग त्याच्याही पुढे, आणि शेवटी पार टोकाला.

त्या दिवशी त्यांचा पाय माझ्यावर बराच वेळ नुसता टेकून राहिला. टेप चालली होती आणि त्या काहीच टाइप करत नव्हत्या. साहेबांच्या वाक्यांची टोकं त्यांना ऐकू येत होती. श्वास ऐकू येत होता. मधेच खुर्ची करकरली तीही. बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "अगं बाई! साहेबांचा आवाज किती म्हातारा झालाय!"

म्हणजे बघा, रोज समोर बसून त्यांना तो किती दिवसांत नीट ऐकूच आला नव्हता. जुन्या पत्रांच्या आधारानं, साहेबांच्या ओठांकडे बघून, अंदाजानं त्या लिहीत होत्या. आणि कुणाला म्हणजे कुणाला त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

का, तेही मला डबा खातानाच्या गप्पांतून समजलं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. घरी त्या आणि आई. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाऊ आणि वहिनी. चिमणीनं एकदा सहज विचारलं, "आई काय करतात हो दिवसभर?"

"काय करणार? बसते. तिला ऐकूच येत नाही आता. आधी आम्ही ओरडून सांगायचो. मग सगळे कंटाळले. भाऊ येतो, वहिनी येते, तिच्या समोर बसून आपापसात बोलतात. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहते. आम्ही हसलो की हसते."

"आणि तुम्ही?"

"मी तरी कुठली शहाणी? दिवसभर दमून जाते. 'जेवलीस का' आणि 'झोप आता', यापलीकडे मीही काही बोलत नाही." त्यांच्या पायाची बोटं माझ्या रबरात घट्ट रुतली होती. आईचं जे झालं ते आपलं होणार, आणि घरात झालं ते ऑफिसातही होणार, ह्या भीतीनं ती बाई आतून पोखरली होती. मला हात असते तर मी तो पाय धरला असता.

पण शिकल्या हो! पावलाला एकदा लय सापडली की मग बघायचं नाही. मागे, पुढे, थांब, चल. आवाजाचं चाक टोकाला, हेडफोन कानाशी घट्ट, आणि कागदावर एक खोडाखोड नाही. साहेबांनी "जरा सौम्य काहीतरी घाला" म्हणावं आणि बाईंनी असं सौम्य घालावं की वाचणाऱ्याला आपली चूकही गोड वाटावी. चिमणी म्हणायची, "बाई, तुम्ही मला मागे टाकलंत." खोटं नाही, टाकलंच होतं.

आणि नेमकं तेव्हा चिमणीनं ते बोलून टाकलं. तिच्या पोटात काही राहत नसे. "बाई, रागवू नका, पण धाकटे साहेब खाली अकाउंटवाल्यांना सांगत होते, आता मशीन आलंय, एका टायपिस्टवर भागेल म्हणून."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "आणि ती एक कोण असणार ते सांगायला नको."

"मी नाही म्हणेन ना! मी सांगते त्यांना."

"तू काही सांगायचं नाहीस. तुला घर चालवायचंय." मग म्हणाल्या, "कुणी जा म्हणण्याआधी आपण उठावं. मान राहतो. आजची कॅसेट संपवते आणि राजीनामा टाइप करते."

त्यांनी खरोखरच कोरा कागद काढून टाइपरायटरशेजारी ठेवला. कॅसेट लावली. चपला काढून पाय माझ्यावर ठेवला. असा जड पाय मी त्याआधी झेलला नव्हता.

पहिलं पत्र व्हॉल्व्हच्या तक्रारीबद्दलचं. दुसरं सुरू झालं, आणि मधेच दार वाजलं. टेप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. थोरले साहेब ती बंद करायला साफ विसरले होते.

"काका, एक बोलू?" हा धाकट्या साहेबांचा आवाज. "ह्या टेपचा तुम्हाला वैताग येतो हे मला दिसतंय. मग हट्टानं आणलीत कशाला? मी म्हणत होतो, बाईंना आता मोकळं करा. ती चिमणी चटपटीत आहे, समोर बसून लिहून घेईल."

"आधी दार लाव. बस. बाईंना नीट ऐकू येत नाही, हे ठाऊक आहे तुला?"

बाईंचा पाय झटक्यात वर गेला. खोलीत चिमणीच्या टाइपरायटरची खटखट तेवढी चालू होती. मग पाय सावकाश खाली आला.

"काय सांगता, काका!"

"मलाही नव्हतं ठाऊक. त्या वॉशरवाल्याला मी पत्र सांगत होतो, आणि मधेच बाईंना विचारलं, तुमच्या आईची तब्येत कशी आहे? बाईंची नजर माझ्या ओठांवर, सूर बदललेला त्यांना कळलाच नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं. मी न वाचता ठोकली सही. त्याचं उलट टपाली उत्तर! 'माल पाठवला आहे. आई आता काठी घेऊन जिना उतरते. इतक्या वर्षांच्या धंद्यात तिची चौकशी करणारे तुम्ही पहिलेच.' तेव्हापासून तो गडी माल वेळेआधी पाठवतो."

काका-पुतणे दोघंही हसले. मग थोरल्या साहेबांचा आवाज खाली आला. "मग माझं हसू गेलं रे. म्हटलं, ही बाई किती दिवस अंदाजानं ओढतेय! पुन्हा विचारायची नाही, कारण विचारलं तर कळेल. एक दिवस मोठी चूक झाली असती आणि तूच म्हणाला असतास, काढा. टेपचं कसं, हवं तितक्या वेळा ऐकता येते, हवा तेवढा आवाज वाढवता येतो, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. म्हणून आणली. मला काय त्या डब्याशी बोलायला आवडतं? वेड्यासारखं वाटतं."

"मग त्यांना सरळ सांगून टाका ना."

"त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांना कसं सांगू? आणि हे बघ, त्यांची जागा त्या सोडतील तेव्हाच रिकामी होईल. तो विषय पुन्हा काढू नकोस. जा आता." दार वाजलं. मग टेप उचलल्याचा आवाज. "कुठे होतो मी? हं. बाई, लिहा."

बाईंनी डावी पट्टी दाबली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा ऐकलं. वॉशरवाल्याची आई काठी घेऊन जिना उतरली तिथे त्या खुदकन हसल्या. 'अंदाजानं ओढतेय' पाशी त्यांनी पाय उचलला. एक थेंब माझ्या रबरावर पडला, मग दुसरा.

मग त्यांनी हेडफोन काढला, कोरा कागद चुरगाळला, आणि चपला न घालता तशाच केबिनकडे गेल्या. दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं मला टेबलाखालूनही ऐकू आलं.

"साहेब, मला ऐकू कमी येतं," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही टेप बंद करायला विसरलात."

"अरे देवा!" एवढंच साहेब म्हणाले. मग खुर्ची सरकली. आणि मग साहेबांनी असा काही आवाज लावला की खालच्या मजल्यावरच्या अकाउंटवाल्यांनीही मान वर केली असेल. "बाई! तुमच्या आईची तब्येत कशी आहे?"

चिमणीची खटखट थांबली.

बाईही मोठ्यानंच म्हणाल्या, "बरी आहे, साहेब. पण तिलाही ऐकू येत नाही, आणि तिच्याशी कुणी बोलत नाही. मीसुद्धा नाही. शनिवारी मशीन घरी नेऊ का?"

"न्या! पायडल-बिडल सगळं न्या! सोमवारी आणलंत की झालं!"

तर असा मी शनिवारी पिशवीतून बाईंच्या घरी गेलो. बाईंनी त्या आठवड्यात डब्याच्या सुट्टीत साहेबांचा छोटा टेप मागून घेऊन एक अख्खी कॅसेट बोलून भरली होती. पत्र नव्हतं ते. ऑफिसात काय झालं, बसमध्ये कोण भेटलं, चिमणी काय बोलली, भाजी कशी करपली, सगळं. आईला खुर्चीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, चाक टोकाला नेलं आणि तिचा हडकुळा, थंडगार पाय उचलून माझ्यावर ठेवला. खुणेनं दाखवलं, इथे दाब.

आईनं दाबलं. "आई, मी बोलतेय," कॅसेटमधून बाईंचा आवाज आला.

आई दचकली. पाय सुटला. पुन्हा दाबला. मग बाईंनी दाखवायच्या आधीच तिला डावी पट्टी सापडली. "आई, मी बोलतेय." मागे. "आई, मी बोलतेय." मागे. पुढची भाजीबिजी राहिली बाजूला, म्हातारी तेवढंच ऐकत बसली. शेवटी मोठ्यानं म्हणाली, "अगं, तुझा आवाज विसरलेच होते की गं मी!" बाई तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडल्या. आईला कळेना, ही एवढी का रडतेय. ती आपली एका हातानं त्यांचे केस कुरवाळत होती आणि पायानं मला दाबत होती.

मग दर शनिवारी तेच. भाऊ आला, टेपसमोर "हॅलो, हॅलो" करत बसला, आणि एकदा सुरू झाला तो लहानपणच्या चोऱ्या कबूल करूनच थांबला. वहिनीनंही कॅसेट भरली. तिची गाऱ्हाणी सुरू झाली की आई शांतपणे पाय उचलायची आणि म्हणायची, "बास, बाकीचं उद्या." बाईंपेक्षा आईनं मला जास्त चांगलं चालवलं, हे मी कुणालाही लिहून द्यायला तयार आहे.

पुढे बाई निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांनी मला त्यांनाच देऊन टाकलं. मग कॉम्प्युटर आले, कॅसेटी गेल्या. साहेब गेले. आईही गेली, चांगली पिकून, शेवटपर्यंत बडबडत. चिमणीचे केस पांढरे झाले, तरी रविवारी ती येते आणि जिन्यातूनच चिवचिवते. बाईंच्या कानामागे आता छोटं यंत्र असतं. मी कपाटाच्या खालच्या खणात पडून आहे. वायर तुटलीय, रबराला भेगा पडल्यात. डावी पट्टी उजवीपेक्षा जास्त झिजलीय, ते मात्र मला आवडतं.

जाता जाता तुम्हाला एकच सांगतो. तुमच्या घरात कुणीतरी "काय म्हणालास?" असं विचारत असेल. तेव्हा तुम्ही पटकन म्हणता, "जाऊ दे, काही नाही." मी टेबलाखालून हे शेकडो वेळा ऐकलंय, आणि समोरच्याचे पाय तेव्हा कसे मागे सरकतात तेही पाहिलंय. असं म्हणू नका हो. साधं असलं, भाजीचं असलं, तरी पुन्हा सांगा. मी जन्मभर तेच केलं आणि एकदाही दमलो नाही.